पालीच्या पोटाखालची ऊब

पालीला ऊब पोटाखालून लागते, डोक्यावरून नाही, हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळलं. सांगितलं सुनेनं. पुरतं समजलं ते मात्र माझ्या हातून चूक झाल्यावर.

आमचं मोटार वायडिंगचं दुकान आहे. कळमनुरीहून नांदेडकडं निघालं की गाव संपता संपता, डाव्या हाताला. पुढं दुकान, मागं घर. विहिरीतल्या, बोअरच्या मोटारी जळाल्या की लोक आमच्याकडं आणतात. नवरा शेतावर जाऊन मोटार वर काढतो, दुरुस्त झाली की परत उतरवतो. जळकी तार काढून नवी कॉइल भरायचं काम माझं. त्याच्या बोटांना बारीक तार धरवत नाही हे लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं आणि मी बसायला लागले, ती अजून बसलेलीच आहे. नवीन गिऱ्हाईक अजूनही दुकानात शिरून "मिस्त्री कुठं गेले?" असं विचारतं. मी "बोला" म्हणते.

मुलाच्या लग्नाला दोन वर्षं झाली. सून पुण्याकडची, प्राणिशास्त्र शिकलेली. आता इथल्या सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेत काम करते. लग्नानंतर तिचं सामान टेम्पोतून आलं: एक कपाट, पुस्तकांचे दोन खोके आणि गादीत गुंडाळलेली अडीच फुटांची काचेची पेटी. ती स्वतः मागून गाडीनं आली, मांडीवर भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा धरून. डब्यात पाल होती.

मुलानं हे आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. त्याला कारण होतं. तो लहानपणापासून पालीला एवढा भितो की भिंतीवर पाल दिसली तर मोरीत जात नाही. पालवाली बायको करतो आहे हे सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो, म्हणून गप्प राहिला. आम्ही नंतर हसलोच.

शेजारच्या बाई दुसऱ्याच दिवशी बघायला आल्या. काचेला नाक लावून म्हणाल्या, "काय गं बाई, घरात कमी व्हत्या काय, म्हनून पुन्याहून आनली?"

"ही वेगळी आहे, काकू," सून म्हणाली. "लेपर्ड गेको म्हणतात. बघा, पापण्या आहेत हिला. आपल्या भिंतीवरच्या पालीला नसतात."

तेवढ्यात पालीनं डोळे मिटले. काकू मागं सरल्या. "माय! डोळा मारून राहिली." मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नव्या सुनंसंगं पाल, शकुनाला बरं असतं का हे?"

"आमच्याकडं शकुन बघत नाहीत," मी म्हटलं. "लाइट आहे का नाही ते बघतात."

पाल दिसायला वाईट नव्हती. वीतभर लांब, पिवळी, बिबट्यासारखे काळे ठिपके. भिंतीवर चढता येत नाही, कारण पायाला चिकटायची गादीच नाही. जमिनीवर चालते, तेही डुलत, पोट भरलेल्या पाहुण्यासारखी. शेपूट गाजराएवढं जाड. शेपूट म्हणजे तिची कणगी, सून म्हणाली. जास्तीचं खाल्लेलं तिथं साठवते आणि उपासाच्या दिवसांत तेच वापरते. पाळलेल्या जोडीची, रानातून धरलेली नाही, सरकारात तिची नोंद आहे, कागद आहे. तिनं कागद न मागता दाखवला. मला ते आवडलं. खाणं म्हणजे कोंड्यात वाढवलेल्या अळ्या. मी जन्मभर पिठात अळी पडू नये म्हणून चाळण्या झिजवल्या, आणि सून डबाभर कोंड्यात मुद्दाम अळ्या वाढवत होती. पण तिचं सगळं वेळेवर आणि जागच्या जागी असायचं. कुणाला तिच्यामागं आवरावं लागलं नाही, म्हणून मीही कधी काही बोलले नाही.

मला रस वाटला तो तिच्या उबेच्या मांडणीत. काचेच्या पेटीत एका टोकाला शहाबादी फरशीचा तुकडा, त्याच्या खाली कागदासारखी पातळ गरम होणारी पट्टी. पट्टीला जोडलेली थर्मोस्टॅटची डबी. फरशी ठरलेल्या अंशावर आली की डबी लाइन तोडते, थंड झाली की जोडते. दुसरं टोक थंड ठेवायचं. पालीला हवं तेव्हा ती या टोकावरून त्या टोकाला जाते. वरती एक छोटा पांढरा दिवा, तो सकाळी लावायचा आणि दिवस मावळला की बंद.

"एवढी खटपट काहून?" मी पहिल्या हिवाळ्यात म्हटलं होतं. "आमच्या वार्निशच्या पेटीसारखी पेटी करून देते. वरून दोनशे वॅटचे दोन दिवे."

नवी कॉइल भरली की तिला वार्निश पाजावं लागतं आणि मग पत्र्याच्या पेटीत दिव्यांखाली रात्रभर सुकवावं लागतं. ती पेटी मीच केलेली, मला तिचा अभिमान होता.

सून हसली नाही. तिनं नीट समजावलं. "आई, ही उन्हात बसणारी नाही. दिवसा दगडाखाली झोपते, अंधार पडताना बाहेर येते. तेव्हा ऊन नसतं, पण दगड तापलेला असतो. त्याला पोट टेकलं की अन्न पचतं. वरून रात्रभर दिवा लावला तर हिला वाटणार, अजून दिवसच आहे. बाहेरच येणार नाही. लाल दिवासुद्धा नको, तो दिसतो तिला."

हे मला लगेच पटलं. थंडीत दिवस मावळताना आमच्या समोरच्या डांबरी रस्त्यावर कुत्री पोट टेकून पडतात, हे मी रोज बघत होते आणि का पडतात याचा कधी विचार केला नव्हता.

मागच्या डिसेंबरात सुनेला नागपूरला पाच आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. वसतिगृहात प्राणी चालत नाहीत. मुलगा रोज नांदेडला नोकरीला जातो-येतो, आणि त्यानं आधीच हात वर केले होते. "मी अळ्या आणून देईन. उचलणार नाही." राहिले मी.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती पालीला तळहातावर घेऊन पेटीपाशी बसली होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनची तिची पाल. वडील गेले त्या वर्षी घेतलेली, हे मला मुलाकडून माहीत होतं. ती स्वतः कधी बोलली नाही. भाड्याच्या तीन खोल्या बदलल्या, एका घरमालकानं पालीपायी बाहेर काढलं, तरी सोडली नाही.

"आई, बाकी काही विसरलं तरी चालेल," ती म्हणाली. "एक दिवस खायला नाही घातलं तरी हिला काही होत नाही. फक्त फरशी बत्तीसच्या वर जाऊ देऊ नका. हिला चटका बसतोय ते वेळेवर कळत नाही. ऊब वाटते म्हणून बसून राहते."

"जशी ठेवून चाललीस तशीच मिळेल," मी म्हटलं. मी फार वचनं देत नाही. दिलं की पाळते, म्हणून लोक मोटार देऊन निर्धास्त घरी जातात.

पहिले दोन आठवडे काही अडलं नाही. संध्याकाळी दिवा मालवायचा, जरा थांबायचं, चिमट्यानं अळी पुढं धरायची. पाल मान तिरकी करून बघणार, शेपटीचं टोक मांजरासारखं हलवणार आणि पटकन झडप. नवरा म्हणायचा, "मला जेवाया वाढताना इतकं कौतुक न्हाई करत." मी म्हणायचे, "तुमी शेपूट कुठं हलवता?"

मग थंडी वाढली आणि त्याच दिवसांत थर्मोस्टॅटची डबी मेली. सकाळी बघते तर फरशी गार, डबीचा आकडा गेलेला. उघडून बघितलं. आतला एक बारीक भाग जळून काळा झाला होता. तसला भाग इथं मिळत नाही. मुलानं नवी डबी मागवली, पण यायला आठवडा लागणार होता. आठवडाभर पालीला गार फरशीवर ठेवणं बरोबर नव्हतं. खाल्लेलं पचत नाही, पोटात सडतं.

मी काही घाबरले नाही. माझं हे रोजचं काम आहे. भंगारातून पंख्याचा रेग्युलेटर काढला, पट्टीच्या वाटेत जोडला. फरशीवर तारवाला थर्मामीटर ठेवला आणि रेग्युलेटर कमी-जास्त करत अकरा वाजेपर्यंत फरशी बरोबर एकतीसवर आणली. वरून हवा गार होती म्हणून पेटीवर तीन बाजूंनी गोधडी टाकली. बारा वाजता बघितलं, एकतीस. दोन वाजता बघितलं, एकतीस. पाल फरशीवरच्या तिच्या मडक्याच्या खापरीखाली जाऊन आरामात बसली होती. मी दुकानात जाऊन नवऱ्याला म्हटलं, "झालं. डबीबिबी काही लागत नाही."

आता हे नीट सांगायला पाहिजे, कारण चूक इथं आहे.

आमचं दुकान शेतीच्याच लाइनीवर आहे. हिवाळ्यात गहू, हरभरा, हळद, सगळ्यांना एकाच वेळी पाणी लागतं. मोटारींना लागणारी थ्री फेज लाइट असते तेवढ्या वेळात पंचक्रोशीतल्या सगळ्या मोटारी एकदम चालू असतात आणि व्होल्टेज खाली बसतं. एकशे ऐंशी, कधी त्याच्याही खाली. घरातला दिवा पिवळा पडतो. त्या महिन्यात थ्री फेजची पाळी दिवसाची होती, सकाळी आठ ते चार. चार वाजले की थ्री फेज जाते, मोटारी बंद पडतात, फक्त घरची लाइट राहते, आणि व्होल्टेज उसळी मारून अडीचशेच्या पुढं जातं. दिवे पांढरेफटक होतात. त्या झटक्यात वस्तू जळतात. म्हणून चार वाजता फ्रीजची पिन काढायची हे आमच्याकडं लहान लेकराला माहीत आहे.

त्या दिवशीही चार वाजता मी हातातली कॉइल ठेवून आत गेले, फ्रीजची पिन काढली आणि परत येऊन कामाला बसले. फ्रीज आणि पालीची पेटी यांच्यात चार पावलांचं अंतर आहे.

व्होल्टेज एकशे ऐंशीचं अडीचशे झालं की गरम पट्टीची उष्णता जवळजवळ दुप्पट होते. हे गणित मी गिऱ्हाइकांना पंचवीस वर्षं सांगते आहे. डबी असताना तिनं ते सांभाळलं असतं. रेग्युलेटर काही बघत नाही. जे येईल त्यातला ठरलेला वाटा पुढं देतो. आणि वर मी गोधडी टाकली होती.

सहा वाजता अळ्यांची वाटी घेऊन गेले आणि गोधडी उचलली. थर्मामीटरवर चव्वेचाळीस. पाल खापरीतून निघून दुसऱ्या टोकाच्या काचेला चिकटली होती, चारी पायांवर उभी, पोट वर उचलून. तोंड उघडं.

मी बटण बंद केलं, तिला उचललं. उलटी करून बघितलं. पोटावर रुपयाएवढा लालभडक डाग, कडेला कातडी सुरकुतलेली.

नवरा मागं येऊन उभा राहिला. वाकून बघत म्हणाला, "मेली का?"

"नाही."

"तिला आत्ता सांगू नको. उद्या परीक्षा हाय म्हणली व्हती तिची."

"मग कधी सांगू?"

"बरी झाल्यावर. अन् न्हाईच झाली, तर..." तो अडखळला. "तसलीच एक आनून ठेवू. पालीसारखी पाल. तिला काय कळतंय?"

मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो म्हणाला, "व्हय, कळल."

खरं सांगायचं तर न सांगण्याचा विचार माझ्याही मनात येऊन गेला. तीन आठवडे होते हातात. पण भाजलेल्या पालीला काय लावतात ते मला माहीत नव्हतं, इथल्या जनावरांच्या दवाखान्यात कुणाला माहीत असण्याची शक्यता नव्हती, आणि पुण्यात पालीला बघणाऱ्या डॉक्टरचा नंबर फक्त सुनेकडं होता. लपवायचं म्हणजे पालीला तसंच ठेवायचं. मी फोन लावला.

"तुझी पाल भाजली," मी म्हटलं. "पोटाला. माझ्या हातून."

"कशी?"

सांगितलं. डबी, रेग्युलेटर, चारची लाइन, गोधडी. काही गाळलं नाही.

"मी सांगितलं होतं, आई. बत्तीसच्या वर नको."

"हो. सांगितलं होतंस."

मग ती म्हणाली, "फोटो पाठवा. पोटाचा आणि शेपटीचा. पाण्यात वगैरे घालू नका." आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासात पुण्याच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. बोलायला सरळ होत्या. भाजल्यावर माणसांना लावतात तेच पांढरं मलम, पातळ थर, दिवसातून एकदा. पेटीतलं सगळं काढून नुसता स्वच्छ कागद अंथरायचा. ऊब थोडी कमी, पण बंद नाही. ऊब नसेल तर जखम भरत नाही. पाण्याचा थेंब नाकाशी धरायचा, चाटली तर ठीक. "शेपूट जाड आहे," त्या म्हणाल्या. "वेळ आहे तिच्याकडे. खाते का बघा. खाल्लं तर वाचली समजा."

खात नव्हती. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. अळी पुढं धरली की मान फिरवायची.

सुनेचा दुसऱ्या दिवशी एकाच शब्दाचा मेसेज आला: "वजन?" तांब्याची तार मोजायचा छोटा काटा दुकानात आहेच. त्यावर वाटी ठेवून पालीला मोजलं. एकसष्ट ग्रॅम. पाठवलं. त्यानंतर रोज सकाळी नऊला मी आकडा पाठवायचे. साठ. एकोणसाठ. अठ्ठावन्न. तिकडून काही उत्तर यायचं नाही, नुसत्या दोन निळ्या खुणा.

एका सकाळी तांड्यावरचे एक आजोबा जळलेली मोटार घेऊन आले होते. मी तेव्हा काट्यावर पाल ठेवून बसले होते. ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"ताई, ही कंच्या कंपनीची मोटार हाय?"

"ही पाल आहे, बाबा."

"ते दिसून राहिलं. काय जळलं हिचं?"

"पोट."

"कशानं?"

"माझ्यानं."

ते हसले नाहीत. वाकून बघितलं. "पानी घेती का?"

"थेंब थेंब."

"मंग जगती," ते म्हणाले. "आमी बैलं राखलेली मानसं. जनावर पानी सोडतं तवा जातं. तोवर न्हाई." आणि लगेच, "माझी मोटार कवा देता? गहू सुकून राहिला."

मी त्यांना दुसऱ्या दिवसाचा शब्द दिला आणि मोटार तशीच दिली. पालीमुळं काम अडलं असं कुणी म्हणायला नको होतं.

दरम्यान उबेचं नीट करायचं होतं. तोपर्यंत पालीला तिच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली होती. खाली फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, दर दोन तासांनी बदलायची. तिचं टोक मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचे, बाळाच्या दुधासारखं. दुकान, बाटली, दुकान, बाटली. रात्रीची बाटली नवरा बदलायचा. त्यानं ते स्वतःहून घेतलं, आणि मी काही बोलले नाही. बोलले असते तर सोडलं असतं.

नवी डबी आली. पण डबी पहिल्यांदाही होतीच, ती लाइनीच्या झटक्यानं जळाली. दुसरीही जळेल, आणि जळताना जोडलेल्या अवस्थेत चिकटली तर पुन्हा तेच. एकाच्या भरवशावर ठेवायचं नाही, हे मोटारीत आम्ही पाळतो. तिथं फ्यूजही असतो आणि स्टार्टरही. मग इथं का नाही? जुन्या फ्रीजचा एक स्टॅबिलायझर होता, त्याची जळकी कॉइल काढून मी नवी भरली. लाइनीचं व्होल्टेज आधी त्यातून जाईल. त्यापुढं नवी डबी. आणि डबीपुढं, फरशीला खालून चिकटवलेलं एक छोटं बटण, जे चाळिसाला आपोआप लाइन तोडतं. ते मुलानं नांदेडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून शोधून आणलं. शोधायला त्याला तीन दुकानं हिंडावी लागली, हे त्यानं दोनदा सांगितलं.

पालीला लगेच आत सोडली नाही. पेटी दोन दिवस रिकामी चालवली. दिवसा लाइन बसलेली असताना फरशी एकतीस. चार वाजायला आले तसे मी आणि नवरा चहाचे कप घेऊन काचेसमोर बसलो.

"लोकं टीव्ही बघतात," तो म्हणाला. "आपून फरशी बघून राहिलो."

चार वाजले. वरचा दिवा पांढरा झाला. मी उठून फ्रीजची पिन काढली आणि येऊन बसले. एकतीस. सव्वाचार, एकतीस. साडेचारला बत्तीस झाले. नवऱ्यानं कप खाली ठेवला. डबीनं टक् केलं. परत एकतीस. मग मी मुद्दाम डबी काढून पट्टी सरळ जोडून बघितली. आकडा चढला; चाळिसाला बटणानं लाइन तोडली. डबी परत लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच सगळं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाल आत गेली. गोधडी कपाटात.

सगळ्या मांडणीचा फोटो सुनेला पाठवला, कुठली तार कुठं ते लिहून. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "बटण कितीचं आहे?"

"चाळीस."

"पस्तिसाचं मिळेल का?"

मुलगा पुन्हा नांदेडला तीन दुकानं हिंडला आणि पस्तिसाचं घेऊन आला.

वजन पंचावन्नवर आलं होतं. शेपूट मुळाशी बारीक झालेलं दिसत होतं. बाराव्या दिवशी संध्याकाळी दिवा मालवून मी अळी पुढं धरली, ती रोजच्यासारखीच, अपेक्षा न ठेवता. पालीनं मान फिरवली. मी चिमटा ठेवून उठणार होते. तेवढ्यात शेपटीचं टोक हललं. अगदी थोडं. मी परत चिमटा धरला. हात हलू दिला नाही. बारीक तार भरणाऱ्या हाताला ते जमतं. तिनं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि घेतली. चावून गिळली. जिभेनं एक डोळा पुसला.

मी दुसरी धरली. तीही घेतली. तिसरी डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं म्हणून दिली नाही.

मी आतूनच ओरडले, "खाल्लं!" नवरा दुकानातून गिऱ्हाईक सोडून आला, मुलगा बुटासकट आला. मुलगा दारातच उभा राहिला, चार हात लांब, पण खूश. "व्हिडिओ काढला का?" त्यानं विचारलं. काढला नव्हता. सुनेला लिहून पाठवलं: दोन अळ्या, सहा वाजून दहा मिनिटं. उत्तराऐवजी फोनच आला. आधी नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आई, शेपूट हलवलं होतं का, आधी?"

"टोक हलवलं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "मग ठीक आहे."

सून आली तोपर्यंत वजन एकोणसाठ झालं होतं आणि पालीनं एकदा कात टाकली होती. नवी कातडी पोटावर गुलाबी आणि गुळगुळीत, ठिपक्यांशिवाय. नागपूरहून रात्रभर प्रवास करून आलेली सून खांद्यावरची बॅग न काढता पेटीपाशी गेली. पालीला उचललं, उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली. मी दारात उभी होते. कारण द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि दिलं नाही.

"डाग राहील," ती म्हणाली.

"राहील."

तिनं पालीला फरशीवर ठेवलं. पालीनं दोन पावलं टाकली, पोट टेकलं, पाय मागं सोडले आणि डोळे मिटले. सून बोटानं फरशी दाबून बघत होती. मग तारेवरून बोट फिरवत डबी, स्टॅबिलायझर, बटण, सगळं बघत गेली. आता ती म्हणेल, यापुढं मी मैत्रिणीकडं ठेवत जाईन, असं मला वाटलं. म्हटलं असतं तर ते रास्तच होतं.

"फेब्रुवारीत अजून आठ दिवस आहेत, प्रशिक्षणाचा दुसरा भाग," ती म्हणाली. "त्या आठवड्यात थ्री फेज किती वाजता जाते?"

"तेव्हा रात्रीची पाळी असते. सकाळी सहाला जाईल."

"म्हणजे सहाला उठून बघावं लागेल."

"मी पाचलाच उठते."

"मग तुम्हीच बघा," ती म्हणाली, बॅग खाली ठेवली आणि हातपाय धुवायला गेली.